पाषाणशिल्पांची मांडणी आणि तिचे व्याकरण

कऱ्हाडला लागून असलेले मलकापूर हे आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. ह्या डोंगराच्या अंगावर साठाहून अधिक बौद्ध लेणी खोदलेली आहेत. अजिंठा किंवा कार्ले पाहून आलेल्या प्रेक्षकास ती ओकीबोकी वाटतात. भिंती साध्या, खोल्या लहान, मूर्तिकाम जवळजवळ नाहीच. जे थोडे कोरीव काम आहे त्यांत एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे दोन अर्धस्तंभ विशेष लक्षणीय आहेत. एका बाजूच्या अर्धस्तंभावर चक्र आहे, दुसऱ्या बाजूच्या अर्धस्तंभावर सिंह आहेत. आत शिरणाऱ्याच्या एका हातास धर्माचे चिन्ह व दुसऱ्या हातास शाक्यसिंहाचे चिन्ह येते, आणि ह्या दोहोंच्या मधून चालत तो स्तूपासमोर उभा राहतो. हे दोन्ही कोरीव भाग कापून काढून एखाद्या संग्रहालयात नेले, अशी क्षणभर कल्पना करावी. नोंदवहीत दोन क्रमांक पडतील, दोन पाट्या लागतील: एक 'चक्र', दुसरी 'सिंह'. दोन्ही पाट्या अचूक असतील आणि तरीही शिल्पाने जे सांगितले होते त्यांतले फारसे काही उरणार नाही.

भाषेच्या अभ्यासकास हा अनुभव परिचित आहे. कोशात शब्द सुरक्षित असतो, त्याचे लिंग, व्युत्पत्ती, अर्थच्छटा सर्व नोंदविलेले असते. पण कोश वाचून कोणास कथा कळत नाही. शब्दाचा क्रम, त्याचा शेजार, त्याची दिशा ह्यांतून वाक्य घडते. प्राचीन कोरीव पाषाणांची संग्रहालयीन मांडणी बहुधा कोशासारखी असते, आणि ती तशीच असावी असे मानण्याची सवय इतकी रुळली आहे की तिच्याविषयी टीकाही क्वचितच होते. मांडणीवर लिहिणारे लोक प्रकाशयोजना, काचेची पेटी, जागेचा प्रशस्तपणा ह्यांविषयी लिहितात. वाक्य हरवल्याची तक्रार कोणी करीत नाही.

ह्या तक्रारीचा विचार करण्यास मलकापूरच्या रहिवाशास फार दूर जावे लागत नाही. त्याच्याच जिल्ह्यात औंध येथे श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभारले. तेथील चित्रसंग्रहाची कीर्ती मोठी आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेथील एक पाषाणशिल्प महत्त्वाचे ठरते, ते म्हणजे इंग्रज शिल्पकार हेन्री मूर ह्याचे 'माता आणि मूल'. मूर हा तरुणपणी ब्रिटिश म्युझियमच्या दालनांतून तासन्‌तास हिंडत असे, आणि तेथील प्राचीन मेक्सिकन पाषाणांनी त्याला झपाटून टाकले होते. ह्या शिल्पांत दगड दगडासारखाच राहतो, मांसाचे किंवा वस्त्राचे सोंग आणीत नाही, ही गोष्ट त्याला सर्वांत मोलाची वाटली. म्हणजे मेक्सिकोच्या पाषाणाचा एक दूरचा वारस सातारा जिल्ह्यात येऊन बसला आहे, असे म्हणता येईल. (मूरवर ज्या पहुडलेल्या मूर्तीचा, चाकमोलचा, विशेष परिणाम झाला ती टोल्टेक-माया परंपरेतली असून ओल्मेक शिल्पांहून पुष्कळच अलीकडची आहे. 'मेक्सिकन' ह्या एका विशेषणाखाली दोन हजार वर्षे सरमिसळ करण्याचा प्रघात बरा नव्हे.)

मूरने दगडाचा आकार घेतला, अर्थ घेतला नाही. शिल्पकाराला तसे करण्याचा अधिकार आहे; कवीला परक्या भाषेतील शब्दाचा केवळ नाद आवडावा, तसेच ते आहे. पण संग्रहालयाला तो अधिकार पोचतो काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास मेक्सिकोतील ओल्मेक पाषाणांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. एकाच संस्कृतीचे, एकाच स्थळाचे दगड तेथे अगदी भिन्न रीतींनी मांडलेले आहेत.

प्रथम नावाविषयी. 'ओल्मेक' हे ह्या लोकांचे स्वतःचे नाव नव्हे. आझ्टेकांच्या नाहुआट्ल भाषेत 'ओल्ली' म्हणजे रबर. रबराच्या प्रदेशात राहणारे ते ओल्मेक. मेक्सिकोच्या आखातालगतच्या दमट सखल प्रदेशातील आपल्या समकालीनांना आझ्टेक हे नाव देत. विसाव्या शतकात, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, विद्वानांनी ते उचलून दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकारांना लावले. ते लोक स्वतःला काय म्हणवीत, कोणती भाषा बोलत, ह्याविषयी केवळ अनुमाने आहेत. सान लोरेन्झो, ला व्हेंता, त्रेस सापोतेस ही स्थळनामेही स्पॅनिश. म्हणजे दालनाच्या दारावरील पाटीपासूनच परक्याची भाषा सुरू होते. ह्यात कोणाचा दोष नाही. पण ती परक्याची भाषा आहे एवढे तरी पाटीने सांगावयास हवे.

ह्या संस्कृतीची जी प्रचंड पाषाणशिरे जगप्रसिद्ध आहेत, ती आजवर १७ सापडली आहेत. त्यांतील १० सान लोरेन्झोची आणि ४ ला व्हेंताची. पहिले शिर मेल्गार ह्याने १८६२ साली पाहिले आणि १८६९ साली त्याविषयी लिहिले. शेतात अर्धवट गाडलेला तो एकटा दगड पाहून त्याला त्यात आफ्रिकेतील माणसाचा चेहरा दिसला, आणि त्यावरून त्याने प्राचीन काळी आफ्रिकेतून आलेल्या लोकांची कल्पना उभी केली. शेजार नसलेला दगड गप्प बसतो आणि त्याच्या वतीने पाहणाराच बोलू लागतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण. ती कल्पना उत्खननांनी केव्हाच निराधार ठरविली. तरी ती लोकप्रिय पुस्तकांतून अजून अधूनमधून डोके वर काढते.

ला व्हेंता येथील चार शिरांचे स्थान उत्खनकांना ज्ञात आहे. मातीच्या मोठ्या पिरॅमिडाच्या उत्तरेस, वस्तीच्या टोकाशी, तीन शिरे एका ओळीत होती व त्यांची तोंडे उत्तरेकडे, म्हणजे बाहेर होती. चौथे दक्षिणेस होते आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे होते. सर्व रचना एका अक्षावर बांधलेली होती आणि तो अक्ष खऱ्या उत्तरेपासून सुमारे ८ अंश पश्चिमेस कललेला होता. येथे दिशा हाच प्रत्यय आहे. बाहेर पाहणारे डोके आणि आत पाहणारे डोके ह्यांत कर्ता आणि कर्म ह्यांच्याइतका भेद आहे.

परंतु ह्याच परिसरात खनिज तेलाचे काम सुरू झाले आणि स्थळाचा नाश होऊ लागला. तेव्हा कार्लोस पेयिसेर ह्या कवीने पुढाकार घेऊन ला व्हेंताची शिल्पे व्हिल्याएर्मोसा शहरातील सरोवराकाठच्या एका उद्यानात हलविली. १९५८ साली ते खुले झाले. पेयिसेरचे उपकार मोठे आहेत. तो नसता तर कित्येक शिल्पे आज नसती. झाडीतून जाणाऱ्या पायवाटेने चालता चालता एकेक शिल्प अवचित समोर यावे, अशी त्याची योजना होती. ती रम्य आहे, पण ती पेयिसेरची कविता आहे, ला व्हेंताची नव्हे. मूळ शब्द सगळे राखून त्यांची नवी रचना केली आहे. भोवती वृक्षवेली असल्यामुळे प्रेक्षकास वाटते की शिल्पे आपल्या मूळ जागीच आहेत. हा भ्रम काचेच्या पेटीने होत नाही, हे पेटीच्या बाजूने मुद्दाम नमूद केले पाहिजे.

त्याच उद्यानातील 'वेदी क्रमांक ४' हा चौकोनी प्रचंड दगड आहे. त्याच्या पुढील बाजूस कोनाडा असून त्यातून एक पुरुष बाहेर येत असल्यासारखा बसलेला आहे. त्याच्या हातात जाड दोर आहे. तो दोर दगडाच्या पायाशी सरकत जातो, कोपरा वळतो, आणि बाजूच्या पृष्ठावर कोरलेल्या दुसऱ्या माणसाशी जाऊन पोचतो. तो दुसरा माणूस बंदिवान आहे की नातेवाईक आहे, ह्याविषयी मतभेद आहेत. पण दोर दोघांना जोडतो ह्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. हे शिल्प भिंतीला टेकवून ठेवले, किंवा त्याचे केवळ समोरून छायाचित्र छापले, तर दोर कोपऱ्यावर तुटतो आणि वाक्य अर्धे राहते. पाठ्यपुस्तकांतून ते नेहमी असे अर्धेच छापले जाते.

आणि 'वेदी' हा शब्द? उत्खनकांनी दगडाचा आकार पाहून तो दिला. पुढे १९७३ साली डेव्हिड ग्रोव्ह ह्याने ओश्तोतितलान येथील गुहाचित्राच्या आधारे दाखवून दिले की ही वेदी नसून राजाचे आसन असावे. त्या चित्रात अशाच आकाराच्या आसनावर एक पुरुष बसलेला आहे. आज बहुतेक अभ्यासक ते मानतात, तरी 'वेदी क्रमांक ४' हे नाव चिकटून राहिले आहे. एका शब्दाने दगडावरचा माणूस उतरला आणि त्याच्या जागी बळी चढला. काही पाषाणशिरे अशाच जुन्या आसनांतून पुन्हा कोरून काढली असावीत, असेही पुढे दिसून आले. तसे असेल तर राजाच्याच आसनातून राजाचे मस्तक घडविलेले आहे. 'वेदी' म्हणणाऱ्या पाटीसमोर उभे राहून ही गोष्ट कोणाला सुचणार?

ह्याच ला व्हेंताची आणखी एक वस्तू मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात आहे आणि तिची मांडणी हा ह्या विषयातील आदर्शच म्हणावा लागेल. १९५५ साली उत्खनकांना चौकाच्या जमिनीखाली १६ लहान मूर्ती आणि ६ उभ्या केलेल्या लांबट, कुऱ्हाडीच्या आकाराच्या पाषाणपट्ट्या एकत्र सापडल्या. मूर्ती जेमतेम वीतभर उंचीच्या. बहुतेक जेड व सर्पेंटाइन ह्या हिरवट दगडांच्या. एक मात्र निराळ्या, भरड दगडाची आहे. ती पट्ट्यांकडे पाठ करून उभी आहे, आणि बाकीच्या तिच्यासमोर व तिच्या बाजूने घोळक्याने उभ्या आहेत. ही सभा आहे, दीक्षाविधी आहे की न्यायनिवाडा, हे सांगता येत नाही. परंतु एक जण आणि पंधरा जण ह्यांच्यामध्ये काही घडत आहे, हे लहान मुलासही कळते. संग्रहालयाने ह्या सर्व मूर्ती ज्या स्थितीत सापडल्या त्याच स्थितीत मांडल्या आहेत. प्रत्येक मूर्ती सुटी सुटी, वेगळ्या चौथऱ्यावर ठेवली असती तर सोळा सुबक बाहुल्या दिसल्या असत्या आणि भरड दगडाची ती एक मूर्ती सर्वांत गौण ठरून कदाचित कोठारात गेली असती. सुट्या शब्दांच्या यादीत जो शब्द कुरूप ठरतो, तोच वाक्याचा कर्ता असू शकतो.

ह्या समूहाची आणखी एक हकीकत आहे. तो पुरल्यानंतर त्यावर जमिनीचे नवे थर देण्यात आले. मग बऱ्याच काळाने कोणी तरी नेमक्या त्याच जागी खड्डा खणला, मूर्तींची डोकी दिसतील इतकाच, आणि त्या जागच्या जागी आहेत असे पाहून पुन्हा बुजवून टाकला. थरांतील ह्या खड्ड्याच्या खुणा उत्खनकांनी नोंदविल्या आहेत. म्हणजे त्या लोकांच्या दृष्टीने मूर्तींइतकीच त्यांची मांडणी जपण्यासारखी होती.

आता उलट बाजूचे उदाहरण. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बेराक्रूस राज्यात कास्काहाल येथे रस्त्यासाठी खडी काढताना एक सर्पेंटाइनची शिला मिळाली. तिच्यावर ६२ चिन्हे कोरलेली आहेत. त्यांतील भिन्न चिन्हे २८, आणि काही पुन्हा पुन्हा येतात. २००६ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा अमेरिका खंडातील सर्वांत जुने लेखन म्हणून तिचा गाजावाजा झाला. परंतु ती उत्खननात मिळालेली नव्हती. ढिगाऱ्यातील खापरांवरून तिचा काळ ठरविला गेला, आणि म्हणूनच तिच्याविषयी अनेकांनी शंका घेतल्या. त्या अजून पूर्णपणे मिटलेल्या नाहीत. भाषेच्या अभ्यासकास हा प्रसंग चटका लावून जातो. चिन्हांची पुनरावृत्ती आहे, क्रम असावा असे वाटते, म्हणजे शिलेच्या आत वाक्य असण्याचा संभव आहे. पण शिलेच्या बाहेरचे वाक्य, ती कोठे, कशाशेजारी, कोणत्या थरात होती हे, खडीबरोबर वाहून गेले.

इतक्या दूरच्या प्रदेशाचा हा विस्तार कृष्णाकाठच्या एका प्रश्नासाठी केला आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावोगावी देवळांच्या आवारात, पारावर, वेशीजवळ वीरगळ उभे आहेत किंवा आडवे पडलेले आहेत. वाई तालुक्यातील किकली येथे भैरवनाथाच्या मंदिराच्या परिसरात तर ते मोठ्या संख्येने आहेत. हे दगड गोळा करून संग्रहालयात आणावेत, अशी मागणी अधूनमधून होते. मागणीमागे सद्‌हेतू आहे. उघड्यावर दगड झिजतो, पायरीला लागतो, कपडे धुण्याच्या कामी येतो, जीर्णोद्धारात भिंतीत चिणला जातो. तेव्हा 'मूळ जागी राहू द्या' एवढे म्हणून भागत नाही. मूळ जागा तरी कितपत मूळ, हेही पाहावे लागते. देवळाच्या आवारात ओळीने लावलेले पुष्कळ वीरगळ आसपासच्या शेतांतून, बांधांवरून केव्हा तरी तेथे आणलेले असतात. गावकऱ्यांनीही एक संग्रहालयच केलेले असते, फक्त त्यास पाटी नसते.

पण संग्रहालयात आणल्यावर काय होते? वीरगळ हा खालून वर वाचावयाचा दगड आहे. तळच्या चौकटीत वीर मरून पडलेला असतो किंवा लढत असतो, पुष्कळदा गुरांच्या रक्षणासाठी. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला असतो. आणि शिखराशी चंद्रसूर्य. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर तळाशी वल्ह्यांच्या नौकांची रांग असून युद्ध तेथून वर चढत जाते. मराठी वाचकाची नजर मात्र सवयीने वरून खाली येते. त्याला प्रथम पूजा दिसते, मग अप्सरा, शेवटी मृत्यू. कथा उलटी होते आणि विजयाची शोकांतिका बनते. पाटीवर 'वीरगळ, मध्ययुगीन, काळा पाषाण' एवढे लिहिलेले असते. 'खालून वर पाहावे' हे तीन शब्द त्या पाटीवर असतील तर शतक नसले तरी चालेल.

'वीरगळ' ह्या शब्दातही एक दगड लपलेला आहे. कानडी 'कल्लु' म्हणजे दगड. समासात ककाराचा गकार होऊन 'वीरगल्लु', आणि त्यावरून मराठी 'वीरगळ'. कृष्णाकाठी मराठी व कानडी किती काळ एका अंगणात नांदत होत्या, ह्याचा हा पुरावा पाटीवर फुकट मिळतो; 'वीरस्तंभ' असे संस्कृत भाषांतर करून तो पुसू नये. मात्र 'गधेगाळ' ह्यातील 'गाळ' निराळा, तो शिवीचा. शापदर्शक दगडांना 'गधेगळ' लिहिण्याची जी चाल पडली आहे ती वीरगळाच्या साम्याने झालेली चूक होय. अलिबागजवळील आक्षीचा शिलालेख, ज्याचा काळ शं. गो. तुळपुळे ह्यांनी शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला, त्यातही ही शापवाणी आहे. अशा दानलेखांत 'हे', 'ह्या', 'येथील' ही दर्शक सर्वनामे मोक्याची असतात. शेताच्या बांधावर उभा असलेला दगड 'ही भूमी' म्हणतो तेव्हा तो बोट दाखवीत असतो. दालनात आणल्यावर तोच शब्द संगमरवरी फरशीकडे बोट दाखवितो.

शेंदराचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेलशेंदूर लागून वीरगळाची रेघन्‌रेघ बुजते, आणि संग्रहालय ती पुटे काढून टाकते. अभ्यासकाला त्याचा आनंद होतो. परंतु ज्या वीराचे नाव कोणाला ठाऊक नाही त्याला गावाने देव मानले, हा त्या दगडाचा उत्तरार्ध होता, आणि तो घासून काढला गेला. निदान एक तरी वीरगळ शेंदरासह मांडावा. तसा तो मांडल्यास दालनात अगरबत्ती लागण्याची भीती असते, हे खरे. पण ती भीती पाटीवर लिहिण्याजोगी आहे, लपविण्याजोगी नाही.

कऱ्हाडच्या पाषाणलेखांत एक असा आहे की तो ह्या सर्व विवेचनास छेद देतो. मध्य भारतातील भारहूत येथील स्तूपाच्या कठड्यावर 'करहकट' निगमाचे, म्हणजे कऱ्हाडच्या नगरसमूहाचे, दान नोंदलेले आहे. इ. स. पूर्वीच्या काळात ह्या गावाने शेकडो कोस दूरच्या स्तूपाला दगड अर्पण केला. कोकणातील कुडा येथील लेण्यात महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने आपले गाव 'करहाकड' सांगितले आहे. टकाराचा डकार झाला. पुढे स्वरांमधला ककार लोपला आणि 'कऱ्हाड' उरले. हे सर्व स्थित्यंतर दगडांवर वाचता येते, फक्त ते दगड कऱ्हाडात नाहीत. भारहूतचा कठडा कनिंगहॅमला १८७३ साली सापडला आणि त्याचा मोठा भाग कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. तेथे त्याचे खांब व आडवे दगड एकमेकांत बसवून कठडा म्हणूनच उभा केला आहे. प्रेक्षक त्याच्या कडेने चालू शकतो. शिवाय भारहूतच्या कारागिरांनी आपल्या जातकदृश्यांखाली स्वतःच नावे कोरून ठेवली आहेत, त्यामुळे संग्रहालयाच्या पाटीस तेथे बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

त्या दानलेखाचा निदान एक ठसा कऱ्हाडास आणावा आणि आगाशिवच्या पायथ्याशी, मलकापुरास लावावा, असे कोणास वाटेल. वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो दगड दूरच्या स्तूपासाठी दिलेला होता. 'कऱ्हाडकरांचे दान' हे शब्द कऱ्हाडातच वाचले तर दान कोणाला दिले हेच कळणार नाही. ठसा आणावयाचा झाल्यास त्याच्याबरोबर सबंध कठड्याचे चित्र आणावे लागेल, आणि त्यात तो एक खांब कोठे आहे हे खुणेने दाखवावे लागेल.